एल्कला हाक घालण्याआधी टप्पा मोजा

सप्टेंबरच्या मध्यावर कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना, आयडाहोच्या डोंगरांत माजावर आलेला एल्कचा नर पहाटेच्या अंधारात ओरडू लागतो. त्याला उत्तर देणं कठीण नाही. तोंडात धरायची रबरी पट्टी घेऊन महिनाभर सराव केला तर बहुतेकांना ते जमतं. नर उत्तर देतो, चालूनही येतो, आणि ७०-८० यार्डांवर झाडीच्या आड थांबतो. चार-पाच मिनिटं बघतो, वास घेतो, मागे फिरतो. धनुष्य घेऊन एल्कच्या मागे जाणाऱ्यांचे कितीतरी मोसम इथंच वाया जातात. आवाज खोटा वाटला म्हणून नर फिरला, असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा हाक घालायची जागाच चुकलेली असते.

म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी बाणाचा टप्पा, मग अंतर ओळखणं, मग बसायची जागा, आणि आवाज त्यानंतर.

एल्क न पाहिलेल्यांनी सांबराचा थोरला भाऊ डोळ्यांपुढे आणावा. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोंच्या आसपास किंवा त्याहून जास्त, खांद्याशी दीड मीटर. मादी सव्वादोनशे किलोंच्या घरात. युरोपात एल्क म्हणजे मूस, तो वेगळा प्राणी. इथं बोलतोय ते वापितीबद्दल. आपल्याकडे काश्मीरचा हंगुल त्याचा जवळचा नातलग, आणि तोही साधारण याच दिवसांत माजावर येतो. पण भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, त्यामुळे पुढचं सगळं अमेरिकेत परवाना काढून शिकार करणाऱ्यांसाठी. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. धनुष्याच्या किमान ओढ-वजनाचा, म्हणजे दोरी ओढायला लागणाऱ्या बळाचा, नियम राज्यागणिक बदलतो: कोलोरॅडोत ३५ पौंड, आयडाहोत ४०. धनुष्यावर बॅटरीचं काय चालतं, रेकॉर्ड केलेला आवाज वाजवता येतो का, हे त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत पाहूनच निघा.

आपला टप्पा किती

निशाण म्हणून ९ इंचांचं कागदी ताट घ्या. एल्कची फुप्फुसं याहून बरीच मोठी असतात, पण उरलेली जागा थरथरत्या हातासाठी, चुकलेल्या अंदाजासाठी आणि वाऱ्यासाठी राखून ठेवायची. रोज एकच बाण मोजायचा, तो पहिला. हात गरम न करता, घरातून बाहेर पडल्या पडल्या मारलेला. डोंगरात दुसरा बाण मिळत नाही, म्हणून रेंजवर तिसाव्या बाणाला जमलेला नेम इथं हिशेबात धरायचा नाही. २० यार्डांवर लागोपाठ पाच दिवस पहिला बाण ताटात बसला की ३० वर जा, मग ४० वर, मग ५० वर. ज्या अंतरावर पाचातला एकही बाहेर गेला, त्याच्या अलीकडचं अंतर हा तुमचा मैदानावरचा टप्पा. डोंगरासाठी त्यातून आणखी १० यार्ड वजा करा.

सरावात सपाट गवतावर उभं राहून मारलेले बाण निम्म्याहून कमी असावेत. गुडघ्यावर बसून, पाठीवर सॅक घेऊन, जाड बाह्यांचं जॅकेट घालून मारा. दोरी बाहीला घासली की बाण डावी-उजवीकडे जातो, हे सप्टेंबरच्या थंडीत कळण्यापेक्षा जुलैत कळलेलं बरं. जिना दोनदा धावत चढून लगेच मारून बघा. आणि शेवटचे तीन-चार आठवडे शिकारीचे ब्रॉडहेड, म्हणजे धारदार पात्यांची टोकं, लावूनच सराव करा. सरावाच्या साध्या टोकांसोबत ४० यार्डांवर ते एकाच जागी लागत नसतील, तर धनुष्य नीट ट्यून झालेलं नाही. साइट, म्हणजे धनुष्यावरचं नेम धरायचं साधन, सरकवून ही चूक झाकू नका, बो-शॉपमध्ये रेस्ट, म्हणजे बाण टेकतो तो आधार, नीट बसवून घ्या.

टप्पा एवढा आखूड का, ते एका हिशेबात कळतं. ४५० ग्रेनचा, म्हणजे २९ ग्रॅमचा, बाण सेकंदाला २७० फुटांनी सुटला तर ४० यार्ड जायला त्याला सुमारे ०.४५ सेकंद लागतात. चालता एल्क तेवढ्यात दोन फूट पुढे जातो. खांद्यामागे धरलेला नेम पोटात बसायला दोन फूट पुरतात. शिवाय दोरीचा आवाज बाणाच्या चौपट वेगानं पोहोचतो, आणि दचकलेल्या जनावराला हलायला सेकंदाचा तिसरा हिस्सा मिळतो. चालत्या एल्कवर बाण सोडायचा नाही, हा नियम इथूनच आला.

आता अंतराचा अंदाज चुकला तर काय, ते पाहा. त्याच बाणासाठी, ५ यार्ड कमी धरले तर २० यार्डांवर बाण सुमारे २ इंच खाली लागतो. ४० वर ५ इंच. ६० वर ७-८ इंच. पाच यार्डांची चूक नुसत्या डोळ्यांनी कुणाचीही होते. २० वर ती खपते, ४० वर नेम काठावर येतो, ६० वर जनावर जखमी होऊन जातं.

अंतर ओळखण्याची सवय

यार्ड हे माप मराठी माणसाला परकं नाही, ते त्याच्या डोळ्यांत बसलेलं असतं. स्टंपपासून स्टंपपर्यंत २२ यार्ड. वनडेतलं आतलं वर्तुळ ३० यार्डांचं. दोन खेळपट्ट्या टोकाला टोक लावून ठेवल्या तर ४४. टेनिस बॉलवर वाढलेल्या माणसाला यष्टिरक्षकाच्या जागेवरून गोलंदाजाचा स्टंप किती लांब दिसतो हे विचारावं लागत नाही. हीच खेळपट्टी झाडीत मांडायची. एल्क आणि आपण यांच्यामध्ये एक खेळपट्टी बसते का? दीड? दोन बसत असतील तर बहुतेकांनी धनुष्य खालीच ठेवावं.

सराव असा: रोज फिरायला जाताना एखादं झाड, विजेचा खांब, उभी गाडी निवडा. आधी आकडा मोठ्यानं बोला, मग रेंजफाइंडरनं, म्हणजे अंतर मोजायच्या यंत्रानं, मोजा. रोज वीस वेळा. दोन आठवड्यांत तुमची चूक एकाच दिशेला झुकते हे दिसेल, आणि ते कळणंच महत्त्वाचं. बहुतेकांना मोकळ्या गवताळ उतारावर, घळीच्या पलीकडचं आणि ऊन आपल्या पाठीमागून येत असताना दिसणारं जवळ भासतं. दाट सुचीपर्णी झाडीत, संधिप्रकाशात लांब भासतं. एल्कच्या बाबतीत यात आणखी एक खोट असते. जनावर इतकं मोठं की ५० यार्डांवरही ते डोळ्यांत भरतं. छोट्या व्हाइटटेल हरणांवर हात बसलेले शिकारी एल्कला हमखास दहा यार्ड जवळ समजतात आणि बाण पोटाखालून जातो.

रेंजफाइंडर एल्कवर रोखायचा नाही, जागेवर रोखायचा. हाक घालण्याआधी, बसल्या जागेवरून पाच खुणा मोजून ठेवा: जळका बुंधा २२, पांढऱ्या सालीचा ॲस्पेन ३१, पडलेल्या ओंडक्याचं टोक ३८, असं. तोंडानं दोनदा म्हणा. नर आला की हातात धनुष्य असणार, रेंजफाइंडर नाही. तो ॲस्पेनच्या मागून गेला तर ३१ नव्हे, ३३-३४ धरायचं, कारण तो झाडाच्या मागे आहे.

यंत्रही चुकतं. समोरच्या गवताच्या काडीवरून किंवा फांदीवरून किरण परत आला तर ४० यार्डांवरच्या झाडाचा आकडा १४ दिसतो. म्हणून एकाच खुणेचे तीन आकडे घ्या, आणि यंत्रात लांबचं लक्ष्य धरण्याची सोय असेल तर ती झाडीत चालू ठेवा. धुक्यात आणि पावसात आकडे उडतात. थंड पहाटे बॅटरी मान टाकते. आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवली तर टिकते.

उतारावर बाणासाठी मोजायचं ते आडवं अंतर. डोळ्यापासून एल्कपर्यंतचं सरळ अंतर ४० यार्ड आणि उतार ३० अंशांचा असेल तर साधारण ३५ यार्डांचा नेम धरायचा. २० अंशांना ४० चे ३७-३८ होतात, १५ अंशांना फरक दीड यार्डाचा. वर मारा की खाली, नियम तोच. ४० चाच नेम ठेवला तर ३० अंशांच्या उतारावर बाण सुमारे ४ इंच वर जातो. कोन मोजणारा रेंजफाइंडर हे आपोआप करून देतो. डोळ्यांवर मात्र विसंबू नका: जो चढ ४५ अंशांचा वाटतो तो मोजल्यावर २५-३० अंशांचाच निघतो.

फांदीचं गणित कमी जणांना ठाऊक असतं. बाण सरळ जात नाही, कमान घेऊन जातो. वरच्या बाणाला ४० यार्डांचा नेम लावला तर मध्यावर, २० यार्डांवर, तो नजरेच्या रेषेच्या ७ इंच वरून जातो. समोरचा एल्क स्वच्छ दिसत असतानाही वरची डहाळी बाण उडवून देते. तपासायची युक्ती सोपी आहे. ४० ची पिन, म्हणजे साइटवरची ४० यार्डांसाठी लावलेली खूण, एल्कवर धरा आणि २० ची पिन कुठे पडते ते बघा. बाण २० यार्डांवर नेमका त्या ठिकाणाहून जाणार. तिथे, तेवढ्या अंतरावर, फांदी असेल तर बाण सोडू नका. एकच सरकती पिन असलेल्या साइटवर हे दिसत नाही. शिवाय ४० वर लावून ठेवलेली पिन नर २५ वर आला की बदलायला हात मोकळा नसतो. एल्कसाठी २०, ३०, ४०, ५० अशा स्थिर पिना जास्त उपयोगी पडतात.

बसायची जागा

माजावरचा नर हाकेच्या ठिकाणापर्यंत चालत येत नाही. ते ठिकाण जिथून दिसेल तिथपर्यंत येतो. आवाज आला तिथे मादी किंवा दुसरा नर दिसला नाही की त्याचे पाय थांबतात. सगळी मांडणी या एका गोष्टीवर उभी आहे. हाकेची जागा त्याला पहिल्यांदा दिसेल तो बिंदू तुमच्या टप्प्यात असला पाहिजे.

मोकळ्या कुरणाच्या काठावर बसून हाक घातली तर तो बिंदू पलीकडच्या झाडीत, दीडशे यार्डांवर असतो. तिथूनच तो बघणार. त्याऐवजी डोंगराच्या सोंडेवर, चढ संपून सपाटी सुरू होते त्या कडेपासून २५-३० यार्ड आत बसा. वर आल्याशिवाय त्याला काही दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा तो टप्प्यात असतो. पडलेल्या झाडांचा पट्टा, घळीचं वळण, कोवळ्या फर झाडांची दाटी, सगळीकडे हाच विचार करा. पण त्याच्या वाटेत कुंपण, खोल ओढा किंवा छातीएवढा पडझडीचा ढीग नको. एरवी तो सहज ओलांडेल, पण संशय असताना ओलांडत नाही.

जुन्या शिकारीत आपल्याकडे हाका घालत, म्हणजे माणसं रान उठवून जनावर बंदुकीकडे ढकलत. इथं नेमकं उलट आहे. जनावर आपल्या मर्जीनं येतं, म्हणून त्याला येण्याची वाट ठेवावी लागते.

वारा सगळ्याच्या वर. डोळ्यांना आणि कानांना एल्क एक वेळ माफ करतो, नाकाला कधीच नाही. पहाटे गार, जड हवा ओढ्याच्या पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते. ऊन उतारावर पडलं की साधारण ९ ते १० च्या दरम्यान ती उलटते आणि वर चढू लागते. संध्याकाळी सावली आली की पुन्हा खाली. मधल्या पाऊण तासात वारा घुटमळतो, कुठूनही येतो. तेव्हा हाक घालू नका, बसून राहा. बारीक पावडरची बाटली गळ्यात ठेवा, दर पाच मिनिटांनी एक फुर्र उडवा आणि ती दहा-पंधरा पावलं पुढे कुठे वळते ते बघा. घळीत वरचा वारा एक आणि तळाचा दुसरा असतो.

येणारा नर शेवटच्या टप्प्यात जवळजवळ नेहमी वाऱ्याखाली वळसा घेतो, वास घेऊन खात्री करायला. दोघं असाल तर हाक घालणारा मागे ४० ते ६० यार्डांवर, आणि धनुष्यवाला पुढे, पण सरळ रेषेत नव्हे, वाऱ्याखालच्या बाजूला सरकलेला. नर हाकेच्या भोवती वळसा घालू लागला की धनुष्यवाल्यासमोर आडवा येतो. त्याचा वास नराच्या वाटेवर पडत नाही ना, हे पावडरनं आधी बघून घ्या.

धनुष्यवाला झुडपाच्या मागे बसत नाही, पुढे बसतो. पाठीशी गर्द झाडी असली की माणसाची आकृती विरघळते. झुडपामागे बसलं तर बाण सोडायला वाट नसते. पायाखालची पानं आणि काटक्या बाजूला करा, गुडघ्यावर बसा, धनुष्य बसल्या जागी पूर्ण ओढून दोन्ही बाजूंना फिरवून बघा. फांदीला अडकत असेल तर आत्ताच कळेल.

एकटे असाल तर हाक घाला आणि लगेच, नर अजून लांब असतानाच, आवाजाच्या जागेपासून २०-३० यार्ड त्याच्या दिशेला पुढे सरका. तो जुन्या जागेकडे बघत राहील. पुढच्या हाकेच्या वेळी तोंड मागे वळवून, हाकेची नळी मागे करून आवाज काढा. मादी दूर चालली आहे असं वाटतं.

साधनं

तीन प्रकार पुरतात. एक, तोंडात टाळूला लावायची पट्टी: घोड्याच्या नालासारखी चौकट, त्यावर ताणलेलं लॅटेक्स, भोवती टेप. दोन, दातात धरून फुंकायची उघड्या पट्टीची शिट्टी. शिकायला सोपी, मादीचा आवाज गोड निघतो, पण तिला एक हात लागतो. तीन, नराच्या आवाजाला घुमारा देणारी नळी. दाबायच्या बटणाच्या शिट्ट्याही मिळतात. मात्र टाळूची पट्टी शिकल्याशिवाय डोंगरात जाऊ नका, कारण शेवटच्या क्षणी, धनुष्य पूर्ण ओढलेलं असताना, नराला थांबवायला दोन्ही हात अडकलेले असतात.

पट्टी नवशिक्यानं एक किंवा पातळ दोन थरांची घ्यावी. तीन थरांची जाड, घोगरी आणि दमवणारी. उघडी बाजू ओठांकडे, चौकट टाळूला चिकटलेली, समोरच्या दातांच्या किंचित मागे. उबळ येत असेल तर टेपच्या कडा कात्रीनं थोड्या थोड्या कापा, लॅटेक्सला हात न लावता. जीभ हलकेच टेकवा आणि गालातून नव्हे, पोटातून हवा सोडा. फक्त फुस्स येत असेल तर कडेनं हवा निसटते आहे. चौकट थोडी वर दाबा. चिरका किंचाळा निघत असेल तर जीभ जास्त दाबली आहे. पहिला आठवडा एकच सूर चार-पाच सेकंद सपाट धरायचा, बाकी काही नाही. ऑफिसला जाताना बंद गाडी ही यासाठी उत्तम जागा. अपार्टमेंटमध्ये शेजारी तक्रार करतात.

वापरून झालं की पाण्यानं धुवा, सुकवा, थरांच्या मधे चपटी काडी सरकवा, थंड अंधाऱ्या डबीत ठेवा. रोजच्या वापरात लॅटेक्स थोड्या दिवसांत सैल पडतं आणि सूर उतरतो, म्हणून तीन-चार पट्ट्या बरोबर असू द्या आणि आधी वाजवून मऊ करून ठेवा.

आवाज

मादीची हाक म्हणजे मांजराचं म्याव आणि वासराचं हंबरणं यांच्या मधलं काहीतरी: ई-याऊ. वरच्या सुरात सुरू, मग जबडा खाली सोडला की सूर आपोआप उतरतो. लांबी एक-दीड सेकंद. पाडसाची हाक हीच, आखूड आणि अधिक उंच. माजावरच्या मादीची हाक लांबते, दोन-तीन सेकंद, आणि तिच्यात आर्जव येतं. ती सारखी काढली तर खोटी वाटते.

नराचा ब्यूगल, म्हणजे माजातली आरोळी, खालून चढतो. घशातली घरघर, मग जीभ दाबत दोन-तीन पायऱ्यांनी वर, तिथं शिट्टीसारखा सूर दोन-तीन सेकंद, आणि झटक्यात खाली. नर कुठे आहे हे शोधण्याच्या हाकेत एवढंच, स्वच्छ आणि आव्हान न देणारं. आव्हानाच्या हाकेत सुरुवातच घोगरी, फाटकी, आणि शेवटाला खोकल्यासारखे ठोके: इ-अक्, इ-अक्, इ-अक्. माद्यांना हाकणारा नर बाटली उपडी केल्यावर पाणी बुडबुडावं तसा ग्लक्-ग्लक् आवाज करतो. नळीच्या तोंडावर तळहात थापून तो निघतो.

एक आवाज काढायचाच नाही: कुत्र्याच्या भुंकण्यासारखा आखूड, तीव्र. ताडोबात सांबराचा कॉल आला की गाइड जीप थांबवतो, तसा हा एल्कचा धोक्याचा कॉल. पट्टीतून चुकून हवा फटकन सुटली तर नेमकं हेच निघतं.

नराच्या हाकेवरून अंतरही कळतं. नुसती वरची शिट्टी ऐकू येते तेव्हा तो बहुधा धारेच्या पलीकडे आहे. घशातली घरघर आणि शेवटचे ठोके स्पष्ट आले की तो शंभर-दीडशे यार्डांत. ग्लक्-ग्लक् किंवा शिंगानं झाड खरवडल्याचा आवाज आला तर त्याहून जवळ. पण तोंड पलीकडे करून ओरडला तर जवळचा नरही लांबचा वाटतो. दोन-तीन हाका ऐकूनच ठरवा.

क्रम

पहाटे, उजाडण्याआधी, धारेवरून शोधाची एकच हाक. चार-पाच मिनिटं गप्प. उत्तर आलं तर परत ओरडण्याचा मोह आवरा आणि वारा तोंडावर ठेवून चालू लागा. दोन डोंगरांपलीकडून वाद घालण्यात अर्थ नसतो. तो तिथूनच ओरडत माद्या घेऊन निघून जातो.

शंभर-दीडशे यार्डांपर्यंत मुकाट्यानं जा. जागा निवडा, खुणा मोजा, पावडर उडवा, मगच पहिली हाक. सुरुवात दोन मऊ मादी-हाकांनी. एकटा फिरणारा नर असेल तर तेवढ्यावर येतो, आणि बऱ्याचदा आवाज न करता येतो. म्हणून हाक घातल्यावर किमान अर्धा तास जागा सोडायची नाही. उत्तर आलं नाही म्हणून पंधराव्या मिनिटाला उठून उभं राहणं आणि चाळीस यार्डांवरून शिंगं पळताना दिसणं, ही या शिकारीतली सगळ्यात नेहमीची चूक आहे.

कळप असलेला नर वेगळा. मादीची हाक ऐकून तो उलट आपल्या माद्या गोळा करून दूर नेतो. त्याला वाटतं, यायचं असेल तर येईल ती. त्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं, ऐंशी-शंभर यार्डांत जाऊन, जाड फांदीनं झाडाची साल खरवडा, पाय आपटा, आणि त्याची हाक अर्धवट असतानाच आव्हानाची हाक त्यावर टाका. इतक्या जवळ आलेल्या दुसऱ्या नराला तो सोडू शकत नाही. इथं मात्र धनुष्य तयार हवं. तो धावत येऊ शकतो.

नर थबकला तर आवाज वाढवू नका. हाक घालणाऱ्यानं मागे सरकत, मऊ आवाजात, दूर जाणाऱ्या मादीसारखं बोलावं. उत्तर देणारा आवाज अति सफाईदार, न थांबणारा असेल तर तो दुसरा शिकारी असण्याची शक्यता धरा. आवाजावर बाण कधीच सोडायचा नाही. मोंटाना, वायोमिंग आणि आयडाहोच्या काही भागांत हाकेला ग्रिझली अस्वलही येतं. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला परतवायचा फवारा, सॅकमध्ये नव्हे, कमरेला.

शेवटची दहा सेकंदं

नराचं डोकं झाडामागे गेलं की धनुष्य ओढा, त्याआधी नाही. ७० पौंड ओढीच्या आणि पूर्ण ओढल्यावर ८० टक्के भार कमी करणाऱ्या कंपाउंड (चाकांच्या) धनुष्यावर बोटांवर १४ पौंड राहतात. अर्धा मिनिट सुसह्य, दीड मिनिटात हात थरथरतो. मोजलेल्या मोकळ्या वाटेत तो पाऊल टाकतो तेव्हा पट्टीतून एक आखूड मादी-हाक काढा. तो थांबतो आणि बघतो. पिन आधीच जागेवर असली पाहिजे, कारण हा थांबा दोन-तीन सेकंदांचाच असतो.

नेम पुढच्या पायाच्या मागच्या कडेच्या सरळ वर, छातीच्या तळापासून एक-तृतीयांश उंचीवर. जनावर आडवं असेल तर हाच. तिरकं, तोंड पलीकडे असेल तर पलीकडच्या पुढच्या पायावर बाण निघेल असा, थोडा मागे. तोंड आपल्याकडे वळलेलं तिरकं जनावर सोडून द्या. खांद्याचं हाड बाण अडवतं. समोरासमोरच्या छातीवर मारणारे आहेत, पण ती जागा अरुंद असते आणि चूक झाली तर जनावर हाती लागत नाही.

बाण सुटताच पुन्हा एक मादी-हाक. बिथरलेला नर अनेकदा पन्नास-साठ यार्डांवर थांबतो आणि तिथंच पडतो. तो शेवटचा कुठे दिसला ते झाड आणि तुम्ही बसलात ती जागा, दोन्हीवर टेप बांधा. बाण शोधा आणि बघा. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस: अर्धा तास थांबा. गडद लाल, तपकिरीकडे झुकणारं म्हणजे यकृत, मटणाच्या दुकानात जिला कलेजी म्हणतात ती: चार ते सहा तास. हिरवट, उग्र वासाचं म्हणजे पोट: आठ ते बारा तास, आणि त्या वेळात त्या दिशेला एक पाऊलही नाही. घाईनं मागे गेलं तर जिथं तो पहिल्यांदा बसला असता तिथून उठतो, मैलभर जातो, आणि रक्ताचा माग तोवर आटलेला असतो.